वाढत्या डोसचे माप सिरिंजवर कसे उतरवावे

इन्सुलिन सुरू करताना डॉक्टर सहसा थोड्या युनिटांपासून आरंभ करतात आणि उपाशीपोटीची साखर पाहत डोस वाढवत नेतात. उदाहरणार्थ, रात्री 10 युनिट आणि साखर ठरलेल्या पातळीवर येईपर्यंत दर तीन दिवसांनी 2 युनिटांची वाढ. चिठ्ठीवर युनिट लिहिलेले असतात, पण सिरिंजमध्ये आपण द्रव भरतो, आणि किती द्रवात किती युनिट आहेत हे बाटलीवरच कळते.

भारतात बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मि.लि.मध्ये 40 युनिट असलेले मिळते, तर इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमध्ये एका मि.लि.मध्ये 100 युनिट असतात. 40च्या सिरिंजची टोपी लाल असते, 100च्या सिरिंजची नारिंगी. ब्रिटन किंवा पोर्तुगालमध्ये 100चेच माप रूढ आहे, त्यामुळे तिथून सुटीवर आलेल्या नातेवाइकांनी आपुलकीने आणलेल्या सिरिंजा म्हापशाच्या किंवा मडगावच्या फार्मसीतल्या 40च्या बाटलीसोबत वापरल्या जाण्याचा धोका गोव्यातल्या घरांत खराच आहे. अशा सिरिंजा बाजूला ठेवाव्यात, हे माझे स्पष्ट मत आहे.

बाटली आणि सिरिंज एकाच मापाच्या असतील, तर हिशोबाची गरजच नाही: 12 युनिटांसाठी 12च्या रेघेपर्यंत भरावे. मि.लि.मध्ये पडताळायचे असेल, तर युनिटांना बाटलीवरच्या आकड्याने भागावे. 40च्या बाटलीतून 10 युनिट म्हणजे 0.25 मि.लि., 12 म्हणजे 0.30, 14 म्हणजे 0.35 आणि 16 म्हणजे 0.40 मि.लि. जोडी चुकली तर काय होते, तेही पाहावे. 40चे इन्सुलिन 100च्या सिरिंजमध्ये 10च्या रेघेपर्यंत भरले, तर शरीरात फक्त 4 युनिट जातात, साखर उतरत नाही आणि डोस विनाकारण वाढवला जातो. उलट 100चे इन्सुलिन 40च्या सिरिंजमध्ये 10च्या रेघेपर्यंत भरले, तर 25 युनिट जातात, आणि ती चूक जिवावर बेतू शकते.

रेघा मोजण्याआधी दोन रेघांमधले अंतर किती युनिटांचे आहे ते पाहावे, कारण 1 मि.लि.च्या 100च्या सिरिंजवर एक बारीक रेघ बहुधा 2 युनिटांची असते. सिरिंज डोळ्यांच्या पातळीवर धरून, काळ्या रबराची सुईकडची कड ज्या रेघेला टेकते तो आकडा वाचावा, आणि बुडबुडे काढल्यावर पुन्हा एकदा वाचावा.

तारीख, युनिट आणि सिरिंजवरची रेघ असा तक्ता आधीच लिहून आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेकडून किंवा डॉक्टरांकडून तपासून घ्यावा, म्हणजे रात्री झोपेच्या वेळी कोणालाही भागाकार करावा लागणार नाही. साखर 70च्या खाली गेली किंवा घाम, थरथर जाणवली, तर लगेच साखरेचे पाणी प्यावे, तक्त्यातली पुढची वाढ करू नये, आणि पुढचा डोस डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.