अभ्यासिकेमुळे नक्की किती मुलं वाचायला लागली?

स्वयंसेवी संस्थेत मूल्यमापनाच्या कामाला लागलात की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी आकडे हातात ठेवतं: इतके वर्ग घेतले, इतकी दप्तरं वाटली. हे झालं काम. परिणाम वेगळा मोजावा लागतो.

समजा, पर्वतीच्या पायथ्याला जनता वसाहतीत संध्याकाळची अभ्यासिका आहे. मोजायचं काय ते एका वाक्यात लिहा: तिसरी ते पाचवीचं मूल दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचतं का? 'असर' या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या देशभरातल्या पाहणीतली अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही उतरंड त्याला पुरते. नवी चाचणी बनवत बसू नका.

पहिली चाचणी जूनमध्ये, वर्ग सुरू व्हायच्या आधी. ती राहिली तर नंतर आठवणीवर भरून निघत नाही. समजा १२० पैकी ४० मुलं गोष्ट वाचत होती, मार्चअखेर ७८ वाचतात. वाढ ३८ ची. पण मुलं शाळेतही जातातच की! अभ्यासिका नसलेल्या तशाच वस्तीत १२० पैकी ३८ ची ५८ झाली असतील तर ते २० वजा करा. उरली १८. अहवालात १८ लिहिणं जिवावर येतं, तरी आकडा तोच. तुलनेला शेजारची गल्ली मात्र घेऊ नका. तिथली मुलं हळूच अभ्यासिकेत येऊन बसतात.

चाचणी वर्गाच्या ताईंनी घेऊ नये. मूल अडखळलं की पुढचं अक्षर त्यांच्या तोंडून आपसूक निघतं. दोन्ही वेळा गोष्ट तीच ठेवली तर मूल कागदाकडे न बघता घडाघडा म्हणून दाखवतं. सोडून गेलेली मुलंही शोधून तपासा. बहुधा कच्चीच गळतात, आणि उरलेल्यांची टक्केवारी काही न शिकवताही वाढते.

पालकांना भेटायला सकाळी अकराला गेलात तर कुलूप. धुण्याभांड्याला गेलेल्या बायका दुपारनंतर भेटतात. शेजारचं उघडं घर घेऊ नका. त्याच घरी वेगवेगळ्या वेळी तीनदा जा. फॉर्म कोबो या मोबाइलवर माहिती भरायच्या अ‍ॅपवर केला तर नेट नसतानाही भरता येतो, पण आधी पंधरा घरांत चालवून बघा. 'वर्ग आवडतो का?' याला सगळे 'हो' म्हणतात, वर चहाही देतात. 'गेल्या आठवड्यात किती दिवस गेला?' असं विचारा आणि हजेरीपटाशी ताडा.

मोठ्या कंपनीचा निधी असेल तर २०२१ च्या सीएसआर (कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च) नियमांकडे बघा. कंपनीचं सीएसआर दायित्व, म्हणजे कायद्याने करावा लागणारा हा खर्च, आधीच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा जास्त आणि प्रकल्प १ कोटी किंवा मोठा असेल, तर तो संपल्यावर किमान वर्षाने स्वतंत्र संस्थेकडून परिणाम तपासून घ्यावा लागतो. तपासणाऱ्यांना जूनच्या मूळ नोंदी लागतील, म्हणून प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशीच क्रमांक द्या. नावांची यादी कुलपात, चाचणीच्या फाइलीत फक्त क्रमांक.