छातीच्या एक्स-रेवरील पांढरा डाग कसा वाचावा

फिल्मवर पांढरा डाग दिसताच ‘टीबी’ किंवा ‘न्यूमोनिया’ हे नाव ओठांवर येते. ते थोडा वेळ रोखून धरावे. आधी रुग्णाचे नाव, तारीख आणि डाव्या-उजव्या बाजूची खूण तपासावी. रुग्ण सरळ उभा असेल तर दोन्ही कॉलरबोनची आतली टोके मणक्याच्या काट्यापासून सारख्या अंतरावर दिसतात. श्वास अर्धवट घेतला असेल तर निरोगी फुप्फुसाचा तळही धुरकट उमटतो. खांद्यावर आलेली वेणीसुद्धा वरच्या भागात हुबेहूब डागासारखी दिसते, म्हणून शंका आल्यास केस वर बांधून फिल्म पुन्हा काढलेली बरी.

त्यानंतर डागाने कोणती कडा पुसली आहे ते पाहावे. माझ्या मते निम्मे निदान इथेच होते. हृदयाची कडा आपल्याला दिसते ती शेजारच्या फुप्फुसात हवा असते म्हणून. त्या हवेची जागा पूने किंवा पाण्याने घेतली की कडा नाहीशी होते. उजवी कडा गेली तर दोष बहुधा उजव्या फुप्फुसाच्या मधल्या लोबमध्ये (खंडात), डावी गेली तर लिंग्युलामध्ये (डाव्या वरच्या लोबच्या जिभेसारख्या भागात), आणि हृदयाची कडा शाबूत असून श्वासपटलाची (फुप्फुसाखालच्या स्नायूच्या पडद्याची) रेषा हरवली असेल तर खालच्या लोबमध्ये असतो. बेंजामिन फेल्सन यांनी १९५० मध्ये मांडलेली ‘सिल्हूट साइन’ ती हीच.

एक बाजू संपूर्ण पांढरी असेल तर नजर थेट श्वासनलिकेवर न्यावी. ती पांढऱ्या बाजूकडे ओढली गेली असेल तर फुप्फुस आकसले आहे, विरुद्ध बाजूला ढकलली गेली असेल तर बहुधा फुप्फुसाभोवती पाणी साचले आहे, आणि मध्यावरच असून पांढऱ्यात काळ्या फांद्यांसारख्या श्वासनलिकेच्या शाखा दिसत असतील तर फुप्फुस घट्ट झाले आहे, म्हणजे त्यातल्या हवेची जागा पू किंवा पाण्याने घेतली आहे, असे समजावे. उभ्या फिल्ममध्ये फुप्फुसाचा खालचा बाहेरचा कोपरा बोथट दिसेपर्यंत साधारण २०० मिली पाणी जमलेले असते.

वरच्या भागात पोकळी दिसल्यास थुंकीची सीबीनॅट तपासणी (टीबीच्या जंतूंची जनुकीय चाचणी) करावी. केवळ फिल्मवरून टीबीचे औषध सुरू करण्याची घाई नको. जुनी फिल्म मागवावी. न्यूमोनियावर उपचार केले असतील तर, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्या धूम्रपान करणाऱ्याची, सुमारे ६ आठवड्यांनी पुन्हा फिल्म काढावी. तोवर न विरलेल्या डागामागे श्वासनलिका अडवणारी गाठ असू शकते आणि तिथे सीटी स्कॅन लांबवू नये.