ट्रायल्स सायकलचे ब्रेक पॅड : माझा अनुभव

ट्रायल्समध्ये, म्हणजे पाय न टेकवता सायकलवरून अडथळे पार करण्याच्या खेळात, मागच्या चाकावर तोल सांभाळताना वेग कमी होणे पुरेसे नसते, चाक जागीच जखडावे लागते. माझे चाक मात्र उडी घेण्याच्या ऐन क्षणी इंचभर सरकत असे. हायड्रॉलिक रिम ब्रेकमधले (द्रवाच्या दाबाने चाकाच्या कड्यावर, म्हणजे रिमवर, पॅड दाबणाऱ्या ब्रेकमधले) काळे रबरी पॅड रस्त्यावरच्या सायकलसाठी उत्तम असले, तरी या कामाचे नव्हते. रिमचा पृष्ठभाग पकडीसाठी अँगल ग्राइंडरने (घासणी यंत्राने) खरवडलेला असल्यामुळे मी कडक पॉलियुरेथेनचे (एका प्रकारच्या प्लास्टिकचे) पॅड निवडले, कारण मऊ पॅड अशा रिमवर पाहता पाहता झिजतात. रिम गुळगुळीत असती, तर मऊच घेतले असते. पॅड पूर्ण लांबीभर सपाट टेकेल असा बसवला, रिम स्पिरिटने पुसली आणि ब्रेक दाबताना फ्रेम फाकू नये म्हणून बूस्टरची पट्टीही लावली. आता चाक हलत नाही. कर्कश आवाज तेवढा होतो, पण ट्रायल्समध्ये त्याला कोणी नावे ठेवत नाही.