आधी ओळख, मग कॅमेरा, आणि मध्ये एक कागद

लग्नाचे फोटो काढायचा बिझनेस सुरू करायचाय, कॅमेरा कुठला घेऊ, असं विचारणारा कुणी ना कुणी महिन्यातून दोन-तीनदा तरी भेटतोच, आणि मी दरवेळी उलटं विचारते की अनोळखी माणसासोबत तासभर गप्पा मारायला जमतं का तुला. बहुतेकांना वाटतं मी टाळतेय. टाळत नाहीये, नऊ वर्षं हेच काम करतेय आणि माझं निम्मं काम कॅमेरा पिशवीतच असताना होतं.

पहिलं वर्ष मी सगळी लग्नं 70-200 मिमीच्या, लांबचं जवळ आणणाऱ्या झूम लेन्सवर काढली. कारण एकच, मी लाजाळू होते, हॉलच्या कोपऱ्यात उभं राहून लांबून झूम केलं की कुणाशी बोलावं लागत नाही. फोटो शार्प यायचे, बॅकग्राउंड छान ब्लर व्हायचं, पण निम्म्या फोटोंत पुढे कुणाचं तरी डोकं आणि उरलेल्यांत माणसं लांबून चोरून बघितल्यासारखी. मग 35 मिमीची, रुंद दिसणारी लेन्स घेतली आणि खरी पंचाईत झाली. साधा हिशोब आहे, फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 35 ने एखाद्याचा कमरेपासून वरचा उभा फोटो हवा असेल तर तुम्हाला त्याच्यापासून साधारण 1 मीटरवर उभं राहावं लागतं, तोच फोटो 200 वर साडेपाच-पावणेसहा मीटरवरून मिळतो. आता 1 मीटरवर एक अनोळखी बाई कॅमेरा घेऊन उभी राहिली तर कुठलाही माणूस ताठ होणारच, खांदे वर जातात, हसू दातांपुरतं उरतं. म्हणजे लेन्स बदलली तसं मला वागणंही बदलावं लागलं. मैत्रीबित्री हे धोरण वगैरे नव्हतं माझं, जवळून फोटो काढायचे होते आणि त्याला दुसरा इलाज सापडला नाही.

आता मी पहिली भेट कॅमेरा न घेता करते. अल्बम पण दाखवत नाही, त्यांनी ते आधी बघितलेलेच असतात म्हणून तर फोन केलेला असतो. तुम्ही कसे भेटलात हे सगळेच विचारतात, जोडप्यांना त्याचं उत्तर पाठ झालेलं असतं. मी विचारते, लग्नाला कोण येऊ शकणार नाहीये याचं वाईट वाटतंय? कुणाला कुणाच्या शेजारी उभं करायचं नाही? घरात सगळ्यात जास्त रडणारं कोण आहे? ह्या तीन प्रश्नांतून जे मिळतं ते कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. एकदा मी हे विचारायची विसरले आणि ग्रुप फोटोच्या वेळी सगळ्यांदेखत मुलीच्या आईवडिलांना म्हटलं, जरा जवळ या ना दोघं, हात धरा. ते वेगळे होऊन सात वर्षं झाली होती. तो फोटो आहे माझ्याकडे, त्यात मुलीचा चेहरा बघवत नाही.

लग्नाच्या महिनाभर आधी तासाभराचं छोटं शूट करते, वेगळे पैसे न घेता. ते फोटो चांगले आले तर बोनस, माझा मतलब वेगळाच असतो. तो फ्लॅशला डोळे मिटतो का, तिला आपल्या चेहऱ्याची कुठली बाजू नकोशी वाटते, दोघांच्या उंचीत किती फरक आहे, कोण कंटाळल्यावर चिडतं, हे त्या तासात कळतं. डोळे मिटणाऱ्यांसाठी जुनी युक्ती आहे, सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे, तीन म्हटलं की उघडा, तेवढ्यात क्लिक. आणि मधेच कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दोन चांगले फोटो दाखवायचे, दोनच हं, सगळे दाखवत बसलात तर संपलं, मग दर क्लिकनंतर बघू बघू सुरू होतं.

पण मैत्री झाली म्हणजे आपण पाहुणे झालो असं नाही. हे मी ठेच लागून शिकले. तिसऱ्या की चौथ्या वर्षी एका जोडप्याशी माझं इतकं जमलं होतं की लग्नाच्या दिवशी मी त्यांच्या मित्रमंडळींच्या घोळक्यात गप्पा मारत उभी राहिले, पाच मिनिटं असेल नसेल, आणि तेवढ्यात नवरीची आजी व्हीलचेअरवरून उठून तिला मिठी मारून गेली. मागे वळले तेव्हा आजी परत बसलेली होती. परत करायला लावता येत नाही असल्या गोष्टी, म्हणजे लावतात लोक, पण ते दिसतं फोटोत. तेव्हापासून माझा नियम आहे की त्या दिवशी मी बसत नाही, जेवते ते सेकंड शूटर, म्हणजे माझ्यासोबतचा दुसरा फोटोग्राफर, उभा असेल तेव्हाच आणि दहा मिनिटांत.

आता कागदाबद्दल, म्हणजे कराराबद्दल, कारण नवीन मुलं नेमकी इथेच फसतात. मित्राचं लग्न आहे, पैशाचं काय बोलायचं, नंतर बघू, असं म्हणून मी एका जवळच्या मैत्रिणीचं लग्न काहीही न लिहिता केलं. मला वाटलं होतं मी फोटो देणार, तिला वाटलं होतं फोटो, व्हिडिओ, दोन अल्बम. कुणीच खोटं बोलत नव्हतं. फुकटचं काम म्हणून मी ते एडिटिंगच्या रांगेत मागे ढकलत राहिले, पैसे दिलेल्यांचं आधी, आणि पाच महिने गेले. आज आम्ही एकमेकींना वाढदिवसाचा मेसेज करतो, बास. अनोळखी क्लायंट भांडतो तरी, मैत्रीण गप्प बसते आणि ते जास्त महाग पडतं.

म्हणून आता सख्ख्या बहिणीचं असलं तरी लिहून घेते. किती तास, किती फोटोग्राफर, साधारण किती फोटो, कुठल्या स्वरूपात, किती आठवड्यांत, तास वाढले तर काय, लग्न पुढे ढकललं तर अ‍ॅडव्हान्सचं काय, मी आजारी पडले तर माझ्या जागी कोण, आणि फोटो मी ऑनलाइन टाकू शकते की नाही. शेवटचा मुद्दा वेगळा वाचून दाखवते कारण बऱ्याच जणांना नको असतं आणि तोंडावर सांगायला संकोच वाटतो. सूट द्यायची असेल तर जरूर द्या पण बिलात पूर्ण रेट लिहा आणि खाली सूट वजा करून दाखवा. नाहीतर तीच मैत्रीण दहा जणांना तो कमी आकडा सांगते आणि पुढचं वर्षभर सगळे तुमच्याकडे तोच भाव मागतात, आणि त्यांची काहीच चूक नसते.

टेक्निकल गोष्टी थोडक्यात, कारण त्या शिकता येतात. दोन कार्ड स्लॉट असलेलाच कॅमेरा घ्या आणि दोन्ही कार्डांवर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची मूळ फाइल, एकाच वेळी लिहू द्या. 2018 ला निकॉनचे झेड 6, झेड 7 आणि कॅननचा इओएस आर एकाच स्लॉटचे आले तेव्हा लग्नवाले किती वैतागले होते ते आठवतं मला, 2020 च्या झेड 6 टू आणि आर 6 मध्ये दोन स्लॉट आले. कार्ड कधीतरी मरतंच, आणि मित्राला कार्ड मेलं म्हणून सांगण्यापेक्षा वाईट फोन नाही. घरी येऊन दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, तिसरी कॉपी घराबाहेर. सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळीच मिळवून घ्या, सेकंड शूटरचं घड्याळ सात मिनिटं मागे असल्यामुळे मी एकदा अख्खी रात्र फोटो क्रमाने लावण्यात घालवलीये. ग्रुप फोटोत दोन-तीन रांगा असतील तर अ‍ॅपर्चर 5.6 च्या आसपास (म्हणजे लेन्सचं भोक लहान), 1.8 च्या मोठ्या भोकाची हौस इथे नको, मागची रांग फोकसच्या बाहेर जाते. आणि वाइड लेन्सवर कडेची माणसं पसरट दिसतात, तर तिथे जाड काकांना उभं करू नका, ते तुम्हाला माफ करणार नाहीत. एलईडी लाइटखाली फोटोत पट्टे आले तर शटरचा वेग वीजपुरवठ्याशी जुळवा, 50 हर्ट्झ असेल तिथे 1/100 किंवा 1/50 सेकंदावर बहुतेक वेळा जातात, डिमर लावलेल्या स्टेजच्या लाइटची मात्र गॅरंटी नाही, आधी एक टेस्ट फोटो काढून बघाच.

माझं काम येतं कुठून तर बहुतेक लग्नातल्या पाहुण्यांकडून, नवरानवरीच्या वयाचे मित्रमैत्रिणी, ज्यांची लग्नं पुढच्या दोन-चार वर्षांत असतात. ते तुम्हाला दिवसभर बघत असतात, तुम्ही मदतनिसाशी कसं बोलता, म्हाताऱ्या माणसाला खुर्ची देता का, सगळं. याचा तोटा पण आहे, एकाच घोळक्यातली चार लग्नं केली की तेच पाहुणे, तेच हॉल, आणि पाचवी नवरी म्हणते अगं हिच्यासारखाच फोटो आहे हा. मला अजून यावर पक्कं उत्तर सापडलेलं नाही.

लग्नानंतर दोन दिवसांत पंधरा-वीस फोटो पाठवा, एडिट करून. उत्साह तेव्हाच असतो. बाकीचे ठरलेल्या वेळेत, आणि उशीर होणार असेल तर त्यांनी विचारायच्या आधी तुम्ही सांगा. माझी जी दोन-तीन नाती तुटली ती वाईट फोटोंमुळे नाही, मी लाजेने फोन उचलले नाहीत त्यामुळे तुटली.

एवढं सगळं करायचं तर लग्नं किती घेणार हा प्रश्न येतोच. भेटी, छोटं शूट, लग्नाचा दिवस, तीन-साडेतीन हजारांतून सहाशे फोटो निवडणं, एडिटिंग, अल्बम, सगळं धरून माझे एका लग्नामागे साठेक तास जातात. मी वर्षाला वीसच्या वर घेत नाही, पूर्वी चाळीस घ्यायचे तेव्हा नवऱ्यामुलांची नावं चुकायची माझ्याकडून. उरलेली कामं ओळखीच्या फोटोग्राफर्सना देते, कमिशन घेत नाही, त्यांच्या तारखा भरल्या की ते मला देतात.

निवडीबद्दल एक राहिलं. मागे रात्री अकराला मी पूर्वी ज्यांचं लग्न काढलं होतं अशा एका जोडप्यातल्या नवऱ्याचा फोन आला, त्याचे काका गेले होते आणि त्यांचा अलीकडचा बरा फोटो घरात कुणाकडे नव्हता. अल्बममध्ये ते नव्हते, सहाशेमध्येही नव्हते, पण डिस्कवरच्या नाकारलेल्या फोटोंत एक सापडला, थोडा हललेला, खुर्चीत बसून कुणाच्या तरी बाळाचे मोजे नीट करतायत. तोच मोठा करून लावला त्यांनी. करारात मी अजूनही लिहिते की फाइल्स एक वर्ष सांभाळीन, कारण त्याहून जास्तीचं वचन देणं परवडत नाही. डिस्क मात्र एकही पुसलेली नाही, कपाटाचा खालचा कप्पा भरलाय आणि आता वरच्यातले स्वेटर बाहेर काढावे लागणारेत.