अंमलदारांचे कार्यमूल्यमापन हजेरीपटापासून सुरू करावे

पोलीस ठाण्याचा प्रभार घेताना अधिकारी शस्त्रे, मुद्देमाल आणि प्रलंबित गुन्हे मोजून घेतो, परंतु मनुष्यबळ मात्र ‘मंजूर इतके, हजर इतके’ एवढ्या दोन आकड्यांतच त्याच्या ताब्यात येते. पुढे ३१ मार्च उलटला, वार्षिक मूल्यमापन अहवालांचा गठ्ठा टेबलावर आला आणि वर्षभर कोणी काय केले हे आठवेना, की सर्वांना एकसारखा शेरा दिला जातो. हे टाळायचे असेल तर मूल्यमापनाची तयारी प्रभार घेतल्याच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करावी.

प्रथम हजेरी मास्तरांना, म्हणजे ठाण्यातील ड्युट्या वाटून देणाऱ्या कर्मचाऱ्याला, समोर बसवून मागील तीन महिन्यांचे ड्युटीवाटप पाहावे. प्रतिनियुक्तीवर, नियंत्रण कक्षात, न्यायालयीन कामावर, प्रशिक्षणाला व आजारी रजेवर असलेले अंमलदार (शिपाई, हवालदार इत्यादी) वजा केल्यावर प्रत्यक्ष ठाण्याच्या कामाला किती उरतात, हे लिहून काढावे. त्यानंतर प्रत्येक नावापुढे तीनच गोष्टी मांडाव्यात: रात्रपाळ्या किती झाल्या, बंदोबस्त किती लागले आणि साप्ताहिक सुट्ट्या किती बुडाल्या. बहुतेक ठाण्यांत पाच-सहा नावे पुन्हा पुन्हा दिसतात, आणि ती नेमकी ‘नाही’ न म्हणणाऱ्यांची असतात. अशा अंमलदाराच्या हातून चूक झाली तर ती त्याच्या ड्युट्यांचा हिशोब शेजारी ठेवूनच तपासली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते, म्हणून कामाचे तास मोजण्याची सवयच आपल्याकडे रुजली नाही. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला आणि पुढे तो शहरातील इतर ठाण्यांत नेण्यात आला. त्याची मूळ कल्पना एका पोलीस शिपायाने तत्कालीन आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांच्यापुढे मांडली होती, हे आवर्जून लक्षात ठेवावे. संख्याबळाअभावी तीन पाळ्या जमत नसतील, तरी पुढील आठवड्याच्या सुट्ट्या फलकावर आधी लावणे, रात्रपाळी संपवून आलेल्या अंमलदाराला त्याच सकाळी साक्षीसाठी किंवा समन्स बजावण्यासाठी शक्यतो न पाठवणे आणि गणेशोत्सवासारख्या मोठ्या बंदोबस्तात बुडालेली सुट्टी कोणत्या तारखेला भरून मिळेल हे लेखी सांगणे, एवढे प्रभारी अधिकाऱ्याच्या हातात निश्चित असते.

दुसरे काम नोंदवहीचे. प्रत्येक अंमलदारासाठी एक पान ठेवावे आणि महिन्यातून किमान एकदा त्यावर तारखेसह दोन ओळी लिहाव्यात. ‘काम समाधानकारक’ ही नोंद कोणाच्याच उपयोगाची नाही. ‘जुन्या मुद्देमालाच्या पावत्या गुन्हा क्रमांकाशी ताडून पाहिल्या, निर्गतीसाठी न्यायालयाला अहवाल सादर केले’ ही नोंद उपयोगाची आहे, कारण ती पडताळून पाहता येते.

येथे मोजमाप चुकण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. ज्याच्या बीटमध्ये गुन्हे कमी दाखल झाले तो चांगला, असे ठरवले की तक्रारदाराला परत पाठवण्याची वृत्ती आपणच वाढवतो. केवळ अटकेच्या संख्येला महत्त्व दिले की तपासाची गुणवत्ता घसरते. म्हणून निकष कामाप्रमाणे वेगळे असावेत. ठाण्यात तक्रारी नोंदवून घेणाऱ्या ठाणे अंमलदाराच्या बाबतीत ठाणे दैनंदिनीतील नोंदी वेळेवर व पूर्ण आहेत का आणि तक्रारदाराला प्रथम खबरीची प्रत मिळाली का, हे पाहावे. समन्स-वॉरंटच्या अंमलदाराचे काम बजावणीच्या प्रमाणावरून, तसेच बजावणी झाली नसेल तर दिलेल्या कारणांच्या खरेपणावरून जोखावे. तपासी अंमलदाराच्या बाबतीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घातलेल्या मुदती पाहाव्यात. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवली का, हा त्यांपैकी सहज तपासता येणारा निकष आहे.

कसूर दिसल्यास ती रोलकॉलला सर्वांसमोर न काढता आपल्या कक्षात बोलावून ऐकून घ्यावी, सुधारणेची मुदत द्यावी आणि हे संभाषण त्याच पानावर नोंदवावे. कसूर गंभीर असेल तर १९५६ च्या मुंबई पोलीस (शिक्षा व अपिले) नियमांची वाट स्वतंत्र आहे. मूल्यमापन अहवालाचा वापर आडून दिलेल्या शिक्षेसारखा करू नये.

अहवाल लिहिताना नोंदवही उघडी ठेवावी आणि प्रत्येक प्रतवारीला तिच्यातील किमान दोन तारखांचा आधार असावा. देवदत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे की वार्षिक अहवालातील केवळ प्रतिकूलच नव्हे, तर प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. त्यामुळे तोंडावर सांगता येणार नाही असे काहीही अहवालात लिहू नये.

निरीक्षकाचा ठाण्यातील सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा, तर अंमलदाराचा एका ठिकाणचा पाच वर्षांचा असतो. याचा अर्थ एकाच अंमलदाराचे मूल्यमापन त्याच ठाण्यात दोन-तीन अधिकारी करतात. म्हणून बदली झाल्यावर ही नोंदवही घरी नेऊ नये किंवा फाडू नये. तोवरच्या कालावधीचे अहवाल पूर्ण करून ती प्रभार यादीत शस्त्रे व मुद्देमालाच्या शेजारी लिहावी आणि नव्या अधिकाऱ्याची पोच घ्यावी.