स्क्लेरोडर्मात हात किती चालतो, हे घरी कसं मोजावं

घाट चढून कोल्हापूरला जायचं, बाकावर ताटकळायचं आणि डॉक्टरांनी "हात कसे आहेत?" विचारलं की आई म्हणणार, "बरे आसत." घरी मात्र नारळ खवता येत नाही म्हणून पंधरा दिवस सोलकढी झालेली नसते. या 'बरे आसत'ला कंटाळून मी वही घातली. घरात कुणाला सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजेच स्क्लेरोडर्मा (त्वचा जाड होऊन आखडत जाणारा आजार) असेल, तर तुम्हीही घाला. लागते फक्त शाळेची पट्टी आणि महिन्यातून एक निवांत दुपार.

आधी हात गरम हवेत. या आजारात बहुतेकांना रेनॉड असतो: गारवा लागला की बोटं पांढरी पडतात, मग निळी, ऊब आली की लाल. कोकणात कुठली आलीय थंडी, असं लोक म्हणतात. पण बर्फातला बांगडा धुवायला घेतला तरी पुरतं. तेव्हा मोजलेला आकडा फुकट. दर वेळी तीच वेळ, तोच मोजणारा, आणि दोन्ही हात वेगवेगळे.

आता मुख्य माप. तळहातावर बोटांच्या खाली जी आडवी रेघ असते, ज्योतिषी जिला हृदयरेषा म्हणतात, ती आपली खूण. बोटं जमतील तेवढी सरळ करायला सांगा आणि मधल्या बोटाच्या टोकापासून त्या रेघेपर्यंत अंतर मोजा. मग घट्ट मूठ वळायला सांगून तेच अंतर पुन्हा मोजा. पहिल्यातून दुसरं वजा करा. आईच्या उजव्या हाताचं उघडून 8.5 सेंटिमीटर, मिटून 3, फरक 5.5. तीन महिन्यांनी मिटून 3च होतं, म्हणून मी खूश झालो. पण उघडून 7.5 भरलं. मूठ होती तशीच होती, बोट उघडायचं कमी झालं होतं. नुसती मूठ मोजली असती तर हे हातातून निसटलं असतं. फरक जितका मोठा तितकी हालचाल चांगली.

अंगठ्यासाठी कपांजी मोजणी आहे, 0 ते 10. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लागलं तर 6. करंगळीवरून खाली सरकत हृदयरेषेपर्यंत पोहोचलं तर 10. मिनिटभराचं काम.

यानंतर रोजची कामं. कोचीन हँड फंक्शन स्केल नावाची 18 प्रश्नांची यादी आहे (आपल्या केरळातल्या कोचीनशी संबंध नाही, पॅरिसमधल्या इस्पितळाचं नाव ते). बटण लावणं, भरलेल्या बाटलीतून ओतणं, नाणी उचलणं, किल्ली फिरवणं, अशी कामं. त्रास नसेल तर 0, अजिबात जमत नसेल तर 5, बेरीज 90पर्यंत. इथे आकडा जितका मोठा तितकी अडचण जास्त. यादी फिजिओथेरपिस्टकडून घ्या आणि तिच्यात स्वतःची भर घालू नका, नाहीतर बेरीज कुणाशी ताडून बघता येणार नाही. नारळ खवणं, कोळंबी सोलणं, विळीवर मासा कापणं हे वहीच्या मागच्या पानावर वेगळं लिहा. मला विचाराल तर ते पान जास्त खरं बोलतं.

उत्तर रुग्णानेच द्यायचं, पण शंका आली तर काम करून दाखवायला सांगा. आईने किल्लीला 0 सांगितला. मागीलदारचं कुलूप दिलं, तर तिने किल्ली दोन्ही तळव्यांत दाबून, मनगटं वळवून ती फिरवली. उघडलं, हे खरं. "मग ह्येका काय लिवतलस?" तिने स्वतःच विचारलं, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "तीन लिव."

एकूण अपंगत्वासाठी एचएक्यू (हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर) ही 20 प्रश्नांची वेगळी यादी असते, गुण 0 ते 3. त्वचा चिमटीत धरून 17 जागी जाडी तपासणं मात्र डॉक्टरांचंच काम, कमाल 51 गुण. पुढे त्वचा मऊ पडून हे गुण उतरले तरी आखडलेली बोटं तशीच राहू शकतात, म्हणून वही बंद करू नका.

बोटाच्या टोकाला जखम असेल तर ते बोट पट्टीने मोजू नका, नुसती नोंद करा. टोक काळं पडलं, पू आला किंवा पांढरं बोट ऊब देऊनही रंगावर येईना, तर मोजणी राहू द्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.