कुत्रं आणायचंय? आधी जूनचं बोला

मे महिन्यात गुहागरला आमच्याकडे चाकरमान्यांची एक मागणी ठरलेली असते. "वहिनी, एखादं चांगलं पिल्लू बघा ना, मुलांना हवंय." माझा उलट प्रश्नही ठरलेला: जूनमध्ये त्याला जेवायला कोण घालणार? सुट्टी संपली की घराला कुलूप, आणि पिल्लू शेजारच्या काकूंच्या गळ्यात नाहीतर बंदरावर. म्हणून विकत की दत्तक हा वाद नंतरचा. बाराही महिने घरात माणूस नसेल तर कुत्रंच आणू नका.

माणूस असेल, तर पैसे मोजायचं कारण मला तरी दिसत नाही. भाद्रपदात कुत्र्या माजावर येतात, साधारण 63 दिवसांनी वितात. कार्तिक-मार्गशीर्षात पाखाडीच्या कडेला, लाकडांच्या ढिगामागे पिल्लं वळवळत असतात. पण डोळे उघडले की उचलून घरी आणायचं, यात कसली आलीय दया! दोन महिने आईपाशी राहू द्या, तोवर आईला रोज भात घाला. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू भावंडांशी मस्ती करतानाच शिकतं. आई गाडीखाली गेली असेल तर गोष्ट वेगळी.

निवडताना हिरडी बोटाने दाबून बघा. पांढरी पडून लगेच गुलाबी झाली तर ठीक. मुळातच फिकट असेल तर बहुधा जंतांनी किंवा गोचिडींनी रक्त खाल्लंय. गोचिडी कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात सापडतात. बरगड्या दिसतायत आणि पोट टम्म, म्हणजे बहुधा जंत. यातलं सगळं औषधाने बरं होतं, तेवढ्यासाठी पिल्लू नाकारू नका. ओकाऱ्या आणि रक्ताचे घाण वासाचे जुलाब दिसले तर मात्र पार्वो या जीवघेण्या विषाणू-रोगाची शंका धरा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पिल्लूच हवं हा हट्ट कशाला, हेही कळत नाही. आगरातली वानरं हाकायला मोठं कुत्रंच कामाचं, शिवाय त्याचा स्वभाव आधीच दिसतो. कानाच्या टोकाला कापल्याची खूण असेल तर त्याचं निर्बीजीकरण झालेलं आहे.

तरीही लॅब्रॅडॉरच पाहिजे? मग 2017 चे कुत्रा-प्रजननाचे नियम पाठ करून जा. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी किमान 18 महिन्यांची हवी आणि आयुष्यात तिची 5 पेक्षा जास्त वेतं घेता येत नाहीत. चुलतभावाबरोबर मी एकाकडे गेले होते. "पिल्लांची आई दाखवा," म्हटलं, तर "ती दुसऱ्या फार्मवर." आम्ही चहाही न घेता उठलो. आई दिसली, तिची सडं आणि अंग नीट बघितलं, ती माणसाला बुजत नाही हे कळलं, तरच पुढची बोलणी. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. फोटो बघून पैसे पाठवायचे आणि पिल्लू खोक्यातून यायचं, हा व्यवहार तर नकोच. हस्की आणि सेंट बर्नार्ड आपल्या दमट हवेत आणूच नयेत. दाट केसांचं ते जनावर मेमध्ये नुसतं धापा टाकत पडतं.

पहिली लस पिल्लू 6 ते 8 आठवड्यांचं असताना, रेबीजची ते 3 महिन्यांचं झाल्यावर, आणि पुढे दरवर्षी. डोस पुरे होईपर्यंत जेटीवर, मासळीबाजारात नेऊ नका. आपल्याकडे पावसात पाणी साचतं, तेव्हा लेप्टोवरही (उंदरांच्या मुतातून, साचलेल्या पाण्यातून पसरणारा रोग) चालणारी लस डॉक्टरांकडे मागून घ्या. रात्री खळ्यात साखळीला बांधू नका. बिबट्या आला तर बांधलेल्याला पळताही येत नाही. पडवीला दार लावून आत घ्या.

मादी असेल तर निर्बीजीकरण पहिल्या माजाच्या आधीच उरकावं की नंतर, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. तालुक्याच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया होते का, याची चौकशी पिल्लू आणायच्या आधी करा. होत नसेल तर चिपळूण-रत्नागिरीपर्यंत न्यायची तयारी हवी, आणि गाडीत ओकलेलं पुसायला जुनं धोतर.